पाणथळीचे वतनदार

हे पुस्तक खरं तर फ्रान्सवर व्हायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अ‍ॅमस्टेलव्हीनमधली बरीच मराठी कुटुंबं डिकीत दशम्या, लोणचं आणि प्रेशर कुकर भरून दक्षिणेला निघतात. तशी आम्हीही लुआरच्या खोऱ्यात गेलो आणि चार दिवसांत सहा किल्ले पाहिले. प्रत्येक किल्ल्यात तीच गोष्ट वेगळ्या नावांनी ऐकली. कोण कुणाचा मेहुणा, कुणाची जहागीर कुणाच्या लेकीबरोबर दुसऱ्या घरात गेली, कुणी वेळेवर बाजू बदलली आणि कुणाची बदलायची राहून गेली. मराठी माणसाला यातलं काहीच परकं नाही. परतीच्या वाटेवर एखादं मध्ययुगीन फ्रेंच घराणं धरायचं आणि त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी मराठीत लिहायची, असं मी ठरवूनही टाकलं.

घरी पोचलो. सामान उतरवताना मुलानं विचारलं, "आई, आपल्या गावात कुणी राजा नव्हता का?"

"नाही रे. इथे नुसतं पाणी होतं आणि गायी."

उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं असल्याचं मला ठाऊक असायला हवं होतं. कारण शनिवारी मी त्याला ज्या बागेत खेळायला सोडते, ती आमच्या हद्दीला लागून बौटेनफेल्डर्टमध्ये आहे आणि तिचं नावच मुळी 'खाइसब्रेख्त फान एम्स्टेलपार्क' आहे. त्या पाटीखाली उभं राहून मी कितीतरी वेळा थर्मासमधला चहा प्यायले होते. हा खाइसब्रेख्त कोण, हे विचारायची बुद्धी मात्र मला लुआरच्या सहा किल्ल्यांनी दिली.

नावाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्रास नको. डच 'ग' घशातून येतो आणि तो 'ख'कडे झुकतो. शेजारच्या आजी हे नाव घेतात तेव्हा आधी त्यांना ठसका लागला असंच वाटतं. या पुस्तकात मी सगळीकडे खाइसब्रेख्त लिहिलं आहे. हे नाव घराण्यात लागोपाठ चार पिढ्या चाललं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात, इथे बापानं मुलाला स्वतःचंच देऊन टाकलं. म्हणून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे आकडे लावावे लागतात. कहाणीचा नायक चौथा आहे. त्याला नायक म्हणावं की खलनायक, यावर हॉलंडमध्ये सातशे वर्षं एकमत झालेलं नाही.

आता जमिनीबद्दल, कारण ही कहाणी जमिनीपासूनच सुरू होते.

'व्हीन' म्हणजे पीट. हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताचा तो काळा, स्पंजासारखा थर. आमच्या मागच्या अंगणात गुलाब लावायला मी खड्डा खणला, तेव्हा फावड्याला दगड असा लागलाच नाही. वर आणून टाकलेली वाळू संपली आणि खाली काळं, ओलं, धागेदार काहीतरी लागलं. हातात घेऊन दाबलं तर चहाच्या रंगाचं पाणी बोटांतून ओघळलं. आणखी एक वीत खाली गेले तर खड्डा आपोआप भरायला लागला. हीच माती वाळवली की जळते. इथल्या लोकांनी ती शेकडो वर्षं खणून शहरांच्या चुलींसाठी विकली. जिथून ती काढली तिथे तळी झाली. गावाजवळचं दे पूल हे तळं त्यातलंच.

अकराव्या-बाराव्या शतकात ही सगळी दलदल उट्रेख्तच्या बिशपच्या ताब्यात होती. बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे. जर्मन सम्राटाच्या मर्जीनं मुलुख सांभाळणारा, फौज बाळगणारा आणि सारा घेणारा तो राज्यकर्ता होता. त्यानं माणसं आणून वसवली आणि त्यांनी ओळीनं चर खणले. पाणी निघालं की वर शेती होत असे. पण पीट वाळला की बसतो. शेत दर पिढीला थोडं खाली जातं, मग पाणी पुन्हा वर येतं, मग बांध घालावा लागतो, मग बांधाला दार. खचती जमीन आणि तिला वाचवायची न संपणारी खटपट या मुलुखाला अशी जन्मापासून लागलेली आहे. आजही आमच्या गल्लीत दर काही वर्षांनी कुणीतरी वाळूची ट्रॉली मागवून अंगण वर उचलून घेतं.

अशा मुलखात बिशपला एक माणूस हवा होता. वसूल जमवणारा, भांडणं मिटवणारा, बांधाच्या कामाला माणसं लावणारा, वेळ पडली तर तलवार घेऊन उभा राहणारा. ११०५ च्या एका कागदात अ‍ॅमस्टेलचा असा अधिकारी म्हणून वोल्फगेर नावाचा माणूस भेटतो. डच शब्द आहे 'स्खौट'. मी त्याला बरेच दिवस मराठी शब्द शोधत होते. तहसीलदार म्हणावं तर बदलीची नोकरी वाटते, फौजदार म्हणावं तर अर्धंच काम येतं. शेवटी मुक्कामाला आले ते देशमुखावर.

आणि देशमुख म्हटल्याबरोबर सगळा इतिहास माझ्यासाठी उलगडला. वोल्फगेरच्या वंशाची दोनशे वर्षांची धडपड एका वाक्यात सांगायची तर एवढीच: नेमणुकीचं वतन करायचं.

वोल्फगेर स्वतंत्र सरदार नव्हता. त्या काळी बिशपच्या पदरी 'मिनिस्टेरियालिस' म्हणून एक वर्ग होता. घोडा, चिलखत, अधिकार सगळं असायचं, पण माणूस मालकाला बांधलेला. लग्न करायचं तर मालकाला विचारायचं, जमीन द्यायची-घ्यायची तर मालकाला विचारायचं. त्याचा मुलगा एखबर्ट गादीवर आला तेव्हा प्रश्न उभा राहिला, हे काम बापाकडून मुलाकडे हक्कानं आलं की बिशपच्या मर्जीनं? बाराव्या शतकाच्या मध्याला यावरून एखबर्टचं आणि बिशपचं चांगलंच वाजलं. कागदावर बिशपची बाजू भारी ठरली असेल. प्रत्यक्षात एखबर्टनंतर त्याचा मुलगा आला, त्याच्यानंतर त्याचा, आणि 'अ‍ॅमस्टेलचा स्खौट' हळूहळू 'अ‍ॅमस्टेलचा स्वामी' झाला. आडनाव कधी झालं आणि हुद्दा कधी गळून पडला, ते कळतही नाही.

माझ्या आजोळी वाई तालुक्यात पाटीलकी होती. माळ्यावर पत्र्याची पेटी असायची आणि तिच्यात मोडीतले, घड्यांवर फाटलेले कागद. आजोबांना ते वाचता येत नसत, पण दिवाळीला ते पेटी खाली काढत, कागद उन्हात घालत आणि पुन्हा ठेवून देत. पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली. गाव मात्र त्यांना शेवटपर्यंत पाटीलच म्हणत होतं. वतन म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, त्या पेटीनंच शिकवलं. म्हणून खाइसब्रेख्तच्या घराण्याकडे बघताना डच अभ्यासकांना जे 'सरंजामी संक्रमण' वाटतं, ते मला फार ओळखीचं वाटतं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांबद्दल राजाला जो इशारा दिला आहे, की हे लोक म्हणजे राज्याचे दायादच, त्यांना फार आवळूही नये आणि फार सैलही सोडू नये, तो उट्रेख्तच्या बिशपांनी पाचशे वर्षं आधी वाचला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

घराण्याची गढी औदरकेर्कला होती असं मानतात, अ‍ॅमस्टेल नदीला बुलेवेक ही छोटी नदी मिळते त्या बाजूला. आमच्याकडून सायकलनं अर्ध्या तासाची वाट. मिडलपोल्डरमधून जाताना रस्ता शेतांच्या वर आणि नदी रस्त्याच्याही वर असते. पहिल्यांदा जाताना पोटात गोळा येतो. गढीचा आज एक दगडही दिसत नाही. तिथे बघायला आहे ते बेथ हाइम, पोर्तुगीज ज्यूंचं १६१४ पासूनचं दफनस्थान. अ‍ॅमस्टरडॅमहून नावेतून मृतदेह नदीनं इथपर्यंत आणत. काही थडग्यांच्या सपाट संगमरवरावर बायबलमधले प्रसंग इतके बारीक कोरले आहेत की माणूस खाली बसून बघतच राहतो. मी तिथे गेले होते सरदारांची गढी शोधायला आणि दोन तास या थडग्यांपाशी काढले. पुस्तकात तो भाग आलेला नाही, ही रुखरुख इथेच नोंदवते.

गढी पहिल्यांदा जळाली १२०४ मध्ये. हॉलंडच्या गादीसाठी दोन दावेदार भांडत होते, दुसऱ्या खाइसब्रेख्तनं एका बाजूला हात दिला, आणि दुसऱ्या बाजूचे केनेमर शेतकरी बांध फोडून मुलखात घुसले. या देशात शत्रूचं घर जाळण्याआधी त्याचा बांध फोडतात. आधी पाणी, मग आग.

इथून पुढचं समजायला नकाशा डोळ्यांसमोर हवा. पूर्वेला उट्रेख्तचा बिशप म्हणजे कायदेशीर मालक. पश्चिमेला हॉलंडचा काउंट, वाढत्या ताकदीचा शेजारी. मध्ये अ‍ॅमस्टेलचं हे चिंचोळं, ओलं वतन. आदिलशाही आणि निजामशाहीच्या मध्ये सापडलेल्या मावळातल्या देशमुखांची जी कसरत, तीच इथे. एकाला सारा, दुसऱ्याला सलाम, आणि दोघं भांडायला लागले की दोघांकडूनही काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. जावळीच्या मोऱ्यांना ही कसरत १६५६ पर्यंत जमली आणि मग अंगाशी आली. कान्होजी जेध्यांनी अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडलं आणि शिवाजीराजांच्या बाजूला उभे राहिले. हा वाक्प्रचार या पुस्तकात मी जपून वापरला आहे, कारण इथे वतनावर पाणी सोडायची गरज नसते. ते आपणहून येतं.

तिसऱ्या खाइसब्रेख्तनं बिशपशी उघड लढाई केली. १२५२ मध्ये तो हरला आणि पकडला गेला. बिशप होता हेंड्रिक फान फियांडन, खमका माणूस. पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यानं फेख्त नदीवर, अ‍ॅमस्टेलवाल्यांच्या नाकासमोर, फ्रेलांट नावाचा किल्ला उभा केला. आणि इथे मला या कहाणीतला सगळ्यात आवडता प्रसंग येतो. काही वर्षं गेली. उट्रेख्तला यान फान नासाऊ हा बिशप आला, कर्जात बुडालेला. त्यानं पैशांसाठी काय काय गहाण टाकलं, तर हाच फ्रेलांट किल्ला, आणि तो कुणाकडे, तर चौथ्या खाइसब्रेख्तकडे! ज्या घराण्याला धाक बसावा म्हणून भिंती चढवल्या, त्याच घराण्याच्या ताब्यात त्या व्याजासकट गेल्या. माँटफोर्ट नावाचा दुसरा किल्ला वुर्डनच्या हेर्मानकडे गहाण पडला. पुढे बिशप किल्ले सोडवून घ्यायला आला तेव्हा दोघांनीही ते परत द्यायला नकार दिला. गहाणवटीचे दावे ज्यांनी तालुक्याच्या कोर्टात पिढीजात चालवले आहेत, त्यांना पुढची हकीकत वाचताना घरच्यासारखं वाटेल.

याच सुमाराला नदीच्या मुखाशी एक बांध घालण्यात आला आणि त्याच्या भोवती कोळी, नावाडी, कारागीर राहू लागले. २७ ऑक्टोबर १२७५ या तारखेची एक सनद आहे. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस 'अ‍ॅमस्टेलच्या बांधापाशी राहणाऱ्या' लोकांना आपल्या मुलखात जकात माफ करतो. अ‍ॅमस्टरडॅमचं नाव लेखी सापडतं ते इथे पहिल्यांदा. हा चामड्याचा तुकडा तिथल्या नगर-अभिलेखागारात जपलेला आहे, आणि २०२५ मध्ये शहरानं याच तारखेला आपली साडेसातशे वर्षं साजरी केली. सणाच्या गर्दीत एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. ती माणसं राहत होती खाइसब्रेख्तच्या वतनात, वरचा मालक होता बिशप, आणि सवलत देत होता तिसराच, शेजारचा काउंट. दुसऱ्याच्या रयतेला आपल्याकडे ओढायची ही जुनी रीत आहे. स्वस्तही, कारण जकात फक्त तुमचीच बुडते आणि दुवा मात्र कायमचा मिळतो.

फ्लोरिस असाच होता. बाप बर्फाखाली सापडून फ्रिसियनांच्या हातून मेला तेव्हा तो दीड-दोन वर्षांचा होता. मोठेपणी त्यानं शेतकऱ्यांना हाताशी धरलं, सरदारांना वेसण घातली. सरदार त्याला कुत्सितपणे 'गावंढ्यांचा देव' म्हणत, आणि पुढे शेतकऱ्यांनी तेच नाव मायेनं उचललं. गंमत अशी की १२७४ च्या शेतकरी उठावात केनेमरांच्या आघाडीवर खाइसब्रेख्त होता. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी त्याच्या पूर्वजाची गढी जाळली, त्यांचाच तो पुढारी. राजकारणात सत्तर वर्षं म्हणजे फार झाली.

फ्रेलांटच्या गहाणाचं निमित्त करून फ्लोरिस बिशपच्या मदतीला धावला. १२८० मध्ये खाइसब्रेख्त कैदेत गेला. त्याचा भाऊ आर्नाउट फ्रेलांट लढवत होता, त्यालाही शेवटी शरण यावं लागलं. पाच वर्षांनी, १२८५ मध्ये, सुटका झाली ती अटींवर. वतन परत मिळालं, पण आता बिशपचं म्हणून नव्हे, तर काउंटचा मांडलिक म्हणून, आणि तेही कापून-छाटून. त्यानंतर दहा-अकरा वर्षं खाइसब्रेख्त फ्लोरिसच्या सल्लागारांत बसत होता. ज्यानं तुरुंगात घातलं त्याच्याच बैठकीत रोज उठबस. या वर्षांबद्दल कागद फार बोलत नाहीत. मला विचाराल तर ती वर्षंच खरी नाटकाची होती.

१२९६ च्या जानेवारीत फ्लोरिसनं आपली जुनी इंग्रज दोस्ती मोडून फ्रान्सच्या चौथ्या फिलिपशी करार केला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं लोकरीचा बाजार हॉलंडमधून उचलला होता, त्याचा हा राग. एडवर्ड गप्प बसणारा नव्हता. त्याची फूस, सरदारांची जुनी दुखणी, आणि मध्यस्थी करणारे फ्लँडर्स-ब्राबांटचे हात, असं सगळं जुळून आलं. २३ जून १२९६ ला उट्रेख्तजवळ ससाण्यांच्या शिकारीचं निमित्त करून फ्लोरिसला बाहेर काढलं आणि पकडलं. पकडणाऱ्यांत तिघं मुख्य होते: खाइसब्रेख्त, वुर्डनचा हेर्मान आणि खेरार्ड फान फेल्सन. त्याला ठेवलं मौडरस्लॉटमध्ये, फ्लोरिसनं स्वतःच बांधलेल्या किल्ल्यात. बेत त्याला समुद्रापार न्यायचा होता. बातमी फुटली, आसपासचे शेतकरी हत्यारं घेऊन जमले, आणि २७ जूनला घोड्यावर बांधून त्याला हलवताना मौडरबेर्खजवळ वाट अडली. सुटून जाईल या भीतीनं फेल्सननं तलवार चालवली.

फेल्सन पकडला गेला आणि लायडनला त्याला हाल करून मारलं. लोकांनी पुढे खिळे ठोकलेल्या पिंपात घालून त्याला गडगडवल्याची गाणी रचली. फ्लोरिसनं त्याच्या बायकोची अब्रू घेतली होती म्हणून हा सूड, ही गोष्टही नंतरचीच. अपहरणाला राजकारण पुरेसं असतं, पण गाण्याला ते पुरत नाही. खाइसब्रेख्त पळाला. वतन जप्त झालं. १३०३ च्या आसपास तो परमुलखात वारला असावा. कबर कुठे, ते सापडत नाही.

साधनांबद्दल दोन शब्द इथेच सांगते. त्या दिवसांची सर्वांत जवळची हकीकत मेलिस स्टोकच्या पद्यबखरीत आहे. स्टोक फ्लोरिसच्याच दफ्तरातला कारकून. मालकाचा खून झालेला माणूस खुन्यांबद्दल जसं लिहील तसं त्यानं लिहिलं. बखर म्हणून मी ती प्रेमानं वाचली आहे आणि जिथे सनदा बोलतात तिथे तिच्यापेक्षा सनदांचं ऐकलं आहे. सभासदाची बखर हातात घेतानाही आपण हेच करतो.

आता ज्या फ्रेंच घराण्यासाठी मी लुआरपर्यंत पेट्रोल जाळलं, ते इथे येतं. फ्लोरिसचा मुलगा यान १२९९ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, मूलबाळ नसताना गेला. हॉलंडची गादी गेली फ्लोरिसच्या आतेभावाकडे, एनोच्या यान दावेनकडे. दावेन म्हणजे 'आव्हेनचे'. आव्हेन हे गाव आज फ्रान्सच्या उत्तर टोकाला आहे. घरात बोली फ्रेंच, राहणी फ्रेंच. या यानचा भाऊ ग्वी. त्याला अ‍ॅमस्टेलचं जप्त वतन मिळालं आणि १३०१ मध्ये तो उट्रेख्तचा बिशपही झाला. दोनशे वर्षं ज्या प्रश्नावर तलवारी निघाल्या, की अ‍ॅमस्टेल बिशपचं की काउंटच्या घराचं, तो असा सुटला: एकच माणूस दोन्ही. अ‍ॅमस्टरडॅमला शहराचे हक्क देणाराही हाच फ्रेंच बोलणारा ग्वी. १३१७ मध्ये तो वारला आणि मुलुख कायमचा हॉलंडच्या काउंटकडे गेला.

मधे एकदा खाइसब्रेख्तच्या मुलानं, यान फान अ‍ॅमस्टेलनं, गमावलेलं परत घ्यायचा प्रयत्न केला. १३०४ मध्ये फ्लँडर्सच्या फौजा हॉलंडमध्ये घुसल्या त्या गडबडीत तो शहरात शिरला. शहरवाले त्याच्या बाजूनं उभे राहिले, लाकडी तटबंदी घातली. जेमतेम वर्षभर. मग तो हाकलला गेला आणि शिक्षा म्हणून शहराला आपले तट-बुरूज पाडावे लागले. वोल्फगेरपासून मोजलं तर सातवी पिढी, दोनशे वर्षं, खेळ खलास. १९९४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यूवेझेइड्स कोल्क भागात खोदकामात एका जुन्या किल्ल्याचा पाया लागला, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'अ‍ॅमस्टेलांचा वाडा सापडला' म्हणून मथळे दिले. अभ्यासकांत वाद झाला. हा किल्ला त्यांचा नसून त्यांच्यानंतर आलेल्या काउंटांनी शहरावर नजर ठेवायला बांधला असावा, या मताकडे माझा कल आहे.

इथे कहाणी संपायला हवी होती. ती संपू दिली नाही एका मोजे विकणाऱ्यानं.

योस्ट फान डेन फोंडल हा कलोनला, आजच्या जर्मनीत, १५८७ मध्ये जन्मला. आईबाप अँटवर्पहून धर्मासाठी परागंदा झालेले. अ‍ॅमस्टरडॅमच्या वार्मूसस्ट्राटवर त्याचं मोज्यांचं दुकान. अ‍ॅमस्टरडॅमनं पहिलं पक्कं नाट्यगृह बांधलं तेव्हा उद्घाटनासाठी त्यानं 'खाइसब्रेख्त फान एम्स्टेल' लिहिलं. व्हर्जिलच्या महाकाव्यातली ट्रॉयच्या पडझडीची रात्र त्यानं उचलली आणि ती अ‍ॅमस्टरडॅमच्या नाताळच्या रात्रीत आणून बसवली. ट्रॉयला लाकडी घोडा, तर इथे 'समुद्रघोडा' नावाचं जहाज, वर सरपण आणि आत सैनिक. मुलाची लढाई त्यानं बापाच्या नावावर टाकली, आणि खुनाच्या कटातला माणूस सोशीक, सज्जन घरधनी म्हणून उभा केला. चर्चच्या मंडळींना नाटकात कॅथलिक वास आला, म्हणून पहिला प्रयोग नाताळातून पुढे ढकलून ३ जानेवारी १६३८ ला झाला. मग दर नव्या वर्षाला तो होत राहिला, थेट १९६८ पर्यंत. शोकांतिका संपली की वर 'क्लोरिस आणि रोशे'च्या लग्नाचा फार्स, म्हणजे प्रेक्षक हसत घरी. आपल्या जुन्या नाटक मंडळ्याही हेच करत.

ज्या शहरानं या घराण्यापायी तट पाडून घेतले, त्या शहराचा जन्मदाता म्हणून हाच माणूस तीनशे तीस वर्षं रंगमंचावर आला. आणि त्याला तिथे आणलं ते बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या माणसानं. हा धागा मी मुद्दाम ओढत नाही. पण बागेतल्या त्या पाटीखाली चहा पिताना तो हाताला लागतोच.

घराण्याचं रक्त पुरतं आटलं नव्हतं. फ्रेलांट लढवणाऱ्या आर्नाउटची शाखा आयसलस्टाइनला रुजली. तिथे बेर्था नावाच्या सुनेनं, नवरा कैदेत असताना, जवळजवळ वर्षभर किल्ला लढवला असं सांगतात. तिच्यासाठी मी वेगळं प्रकरण ठेवलं आहे, आणि ते बाकीच्या प्रकरणांपेक्षा लांब झालं आहे. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुढे या शाखेतली लेक एग्मोंड घराण्यात गेली आणि तिच्याबरोबर आयसलस्टाइनही. त्या घराण्यातल्या या वतनाच्या शेवटच्या वारस आना हिनं १५५१ मध्ये ऑरेंजच्या विल्यमशी लग्न केलं, त्या लग्नाबरोबर आयसलस्टाइन ऑरेंजांकडे गेलं. आनाचा मुलगा १६१८ मध्ये निपुत्रिक वारला. वतन गेलं सावत्र भावाकडे, मॉरिट्सकडे, ज्याच्या अंगात अ‍ॅमस्टेलांचं रक्त आनाच्या बाजूनं थेंबभरही नव्हतं. आजच्या डच राजाच्या लांबलचक किताबांत 'आयसलस्टाइनचा बॅरन' हे पद आहे, ते या वाटेनं आलेलं.

पुस्तकाच्या शेवटी वंशावळ जोडली आहे. जिथे नातं कागदानं पक्कं आहे तिथे सरळ रेघ, जिथे तर्क आहे तिथे तुटक. आना आणि मॉरिट्स यांच्यामध्ये मात्र मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले होते. तेवढ्यात आईचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. मी तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला आणि सगळं समजावून सांगितलं, की बघ, रक्त इथे थांबतं आणि पदवी पुढे चालते, मग ही रेघ कशी काढू?

आईनं चष्मा वर केला, तक्ता नीट पाहिला आणि म्हणाली, "अगं, मग दत्तक घेतल्यासारखंच झालं की. आपल्या घरच्या तक्त्यात बघ, आजोबांच्या वर लाल शाईचा ठिपका आहे. तू कधी विचारलंच नाहीस."

अ‍ॅमस्टेलव्हीन